पत्त्यांची बही

बनारसला आमच्या भूगोल विभागात इंटरनेट असलेला कम्प्युटर एकच होता आणि त्यावरची बुकमार्कांची यादीही सगळ्यांची मिळून एकच होती. वापरणारे पंधरा-वीस जण. ज्याला जे पान आवडेल त्यानं ते यादीत टाकावं आणि पुन्हा लागेल तेव्हा त्या गर्दीत शोधत बसावं. त्यात नद्यांच्या गाळाची पानं होती, उपग्रहाची चित्रं होती, क्रिकेटचे स्कोअर होते, आणि परदेशात स्कॉलरशिप देणाऱ्या एकाच विद्यापीठाचा पत्ता कुणीतरी नऊ वेळा टाकून ठेवला होता. अर्ध्याहून जास्त नोंदींचं नाव नुसतं 'वेलकम' असं होतं. ब्राउझर पानाचं नाव पानावरूनच उचलायचा, आणि त्या दिवसांत ज्याला त्याला आपल्या पानावर आधी स्वागत करण्याची हौस असायची.

हे नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटचं. मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. कम्प्युटरची खोली रिसर्च करणाऱ्यांची. आम्हाला गुरुवारी दुपारी एक तास मिळायचा, तोही दुसऱ्या कुणाच्या लॉगिनवर. मी ज्यांच्या लॉगिनवर बसायची ते पीएच.डी. करणारे एक सीनियर होते. त्यांना सगळे भैया म्हणत, मीही म्हणे. तास संपायला पाच मिनिटं राहिली की ते घड्याळाकडे न बघता म्हणायचे, "उठिए गुरु, गाड़ी छूट गई."

म्हणून मी पत्ते वहीत उतरवून घ्यायची. पेन्सिलनं, एकेक अक्षर पडद्याशी ताडून. मधलं ते लाटेसारखं चिन्ह काढायला शिकायलाच मला दोन गुरुवार लागले. एका आठवड्यानं पुन्हा बसायला मिळेल तेव्हा ते पान यादीत असेलच, असा मला भरवसा नव्हता. आणि झालंही तसंच. एका सोमवारी कम्प्युटर बिघडला, दुरुस्त करणाऱ्यानं ब्राउझर नव्यानं टाकला आणि यादी गेली. आमच्या सरांनी दोन वर्षं जमवलेले गंगेच्या पुरांविषयीचे पत्ते त्यात होते. सर ओरडले नाहीत. खुर्चीत बसून राहिले, चष्मा पुसत.

त्या गुरुवारी त्यांना माझी वही दिसली. त्यांनी ती चाळली. त्यांच्या पत्त्यांपैकी तीसेक माझ्याकडे होते, कारण ते बघतात तीच पानं बघावीत असं मला वाटायचं. मग त्यांनी मला काम दिलं. खोलीत एक जुनं मशीन होतं, कम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून सरांनी त्यावर लिनक्स टाकलं होतं. त्या मशीनवर चालेल, विभागातल्या कुणालाही वापरता येईल आणि कुणाच्या दुरुस्तीनं पुसलं जाणार नाही, असं पत्ते ठेवण्याचं काहीतरी शोधायचं. लोक अशी साधनं स्वतः लिहून फुकट वाटतात, ती शोध, तपास, एक निवड आणि बसव. "हो गया तो तुम्हारा अपना लॉगिन खोल दूँगा," सर म्हणाले. "फिर बृहस्पतिवार का इंतज़ार नहीं."

स्वतःचं लॉगिन. आज हे सांगताना थोडं हसू येतं. पण आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. अण्णा, म्हणजे माझे वडील, वेदपाठशाळेत शिकलेले, आई सातवीपर्यंत. विभागात दोन महिने झाले तरी कुणी "इथे काय काम आहे?" असं विचारील की काय, अशी धाकधूक माझ्या मनात असायची. त्या मशीनवर आपल्या नावाचं खातं असलं की तसं कुणी विचारणार नाही, असं मला खरोखर वाटत होतं.

भैयांचं म्हणणं, एवढ्या खटाटोपाची गरजच नाही. परदेशात एक साइट निघाली होती, तिथे नाव नोंदवलं की तुमचे बुकमार्क त्यांच्याकडे राहतात, कुठूनही बघा, पैसे नाहीत. "धोबी है, घाट है, तब भी आप घर में कपड़ा पटकेंगी?"

मला बहुतेक वेळा उत्तर घरी गेल्यावर सुचायचं.

आमचं घर मंगला गौरीच्या देवळाजवळ, गंगेवरच्या पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत. अण्णा तीर्थोपाध्याय. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची श्राद्धं, तीर्थविधी ते करायचे, आणि विधी झाला की लाल कापडातली लांबट वही काढायचे. कोण आलं, कशासाठी, बरोबर कोण, हे यजमानानं स्वतःच्या हातानं त्यात लिहायचं. त्याला 'लेख' म्हणतात. पुढच्या पिढीतला कुणी आला की अण्णा नाव विचारत नसत, आधी विचारत, "गाव कोणतं?" गाव सांगितलं की आडनाव, आणि मग पाच मिनिटांत त्या माणसापुढे त्याच्या पणजोबांचं अक्षर.

रात्री जेवताना मी अण्णांना त्या साइटविषयी विचारलं. म्हणजे कम्प्युटर टाळून, नुसतं एवढंच, की कुणी आपली वही फुकटात सांभाळायला तयार असेल तर द्यावी का?

"ओळखीचा आहे?"

"नाही."

"मग का सांभाळतो?"

"फुकट आहे, अण्णा. सगळ्यांचंच सांभाळतात."

"फुकट सांभाळणाऱ्याकडे परत मागायला तोंड राहत नाही, बाई." त्यांनी भात कालवला. "तुझ्या आजोबांनी एक अख्खी वही चुलतभावाला उतरवून घ्यायला दिली होती. अजून त्या भागातले यजमान येतात. मी हात जोडतो, म्हणतो, तुमचा लेख माझ्याजवळ नाही. वही घराबाहेर जात नाही. ज्याला बघायची असेल त्यानं यावं, बसावं, चहा घ्यावा."

दुसऱ्या दिवशी मी भैयांना एवढंच म्हणाले, "नको, आपल्याच मशीनवर ठेवू." कारण विचारलं तर काय सांगणार, याची भीती होतीच. त्यांनी विचारलं नाही. "ठीक है, पटकिए," म्हणाले आणि स्वतःचं लॉगिन मला गुरुवारखेरीजही वापरायला दिलं. माझं नव्हतंच ना.

शोधायला तीन आठवडे गेले. लाइन इतकी हळू की एक छोटी फाइल उतरेपर्यंत भैया चौकात चहा पिऊन परत यायचे. शेवटी तीन साधनं हातात उरली. पहिलं दिसायला सुरेख. ब्राउझरची यादी घ्यायचं आणि तिची सुंदर पानं करायचं, कप्प्यात कप्पे. दुसरं फार मोठं. एक पत्ता चार विषयांखाली ठेवा, शोधा, मोजा, काय हवं ते. पण त्याला खाली डेटाबेस लागायचा, आणि आमच्या मशीनची स्मरणशक्ती इतकी कमी की ते सुरू केलं की बाकी सगळं थांबायचं. तिसरं अगदी ओबडधोबड. राखाडी पान, तीन रिकाम्या जागा: पत्ता, विषय, टीप. ठेवायचं सगळं एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये. ज्यानं ते लिहिलं होतं त्यानं सूचनांमध्ये म्हटलं होतं की हे मी घरच्या पाककृतींसाठी केलं आहे, तुम्हाला हवं तसं बदलून घ्या.

मी पहिलं निवडलं. सुरेख होतं म्हणून. आणि खरं सांगायचं तर, सरांसमोर दाखवायचं होतं म्हणून.

कप्पे कसे पाडायचे याचा मी फार विचार केला नाही. मला एकच पद्धत माहीत होती, घरची. आधी गाव. जे पान ज्या विद्यापीठाच्या मशीनवर राहतं ते त्याचं गाव. मग त्याखाली माणूस, मग त्याची पानं. दोनशेच्या वर पत्ते मी असे लावले. मला त्या रचनेचा अभिमान वाटत होता. मनातल्या मनात मी ती अण्णांनाही दाखवली.

दाखवायच्या दिवशी सर आले, भैया आले, आणखी चार-पाच जण उभे राहिले. सरांनी सगळ्यात मोठ्या कप्प्यावर बोट ठेवलं. परदेशातलं एक विद्यापीठ, चाळीस पानं. मी पहिलं उघडलं. पान सापडत नाही. दुसरं उघडलं. सापडत नाही. सातव्याला भैया हळूच म्हणाले, "पूरा मोहल्ला खाली कर गए, गुरु."

त्या विद्यापीठानं आपल्या मशीनचं नावच बदललं होतं. आणि गंमत अशी, गंमत आत्ता म्हणते, की चाळीसपैकी एकतीस नोंदींचं नाव 'वेलकम'. त्यामुळे काय हरवलं हेही कुणाला सांगता येईना. सरांनी विचारलं, "इसमें क्या था, याद है?" मला आठवत नव्हतं. मी गाव लिहिलं होतं, माणूस लिहिला होता. पानावर काय आहे ते लिहायचं सुचलंच नव्हतं.

"दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा दाखव," सर म्हणाले, अशा अर्थाचं काहीतरी. आवाज सौम्य होता. पण लॉगिनचं नाव त्यांनी काढलं नाही.

सुट्टीत घरी यजमान येत होतेच. एके सकाळी एक मध्यमवयीन गृहस्थ आले, वडिलांच्या अस्थी घेऊन. विधी झाला, ते आमच्या ओसरीवर येऊन बसले. अण्णांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "गाव कोणतं?"

"गाव राहिलं नाही हो. धरणात गेलं. मी तेव्हा दोन वर्षांचा. आता आम्ही दोन-तीन ठिकाणी आहोत, पण त्याला गाव काय म्हणायचं?"

"पूर्वीचं सांगा."

त्यांनी सांगितलं. अण्णांनी वही उलगडली. त्या नावाखाली पानं होती. जिथे आता पाणीच आहे त्या गावाची सहा-सात पानं. त्यांच्या आजोबांचा लेख निघाला. नाव, मुलांची नावं, 'वडिलांचे श्राद्धास आलो', आणि खाली जागा उरली म्हणून की काय, आजोबांनी आणखी लिहिलं होतं: आमचे गावास यावयाचे झाल्यास नदी उतरून डावे हातास चिंच लागते, तेथे कोणासही विचारावे.

ते गृहस्थ वाचत राहिले. मग म्हणाले, "चिंच होती, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

आईनं चहा आणला. मी कपबश्या उचलायला उभी होते आणि लाज वाटावी इतका मी त्या क्षणी माझ्या चाळीस पत्त्यांचा विचार करत होते. गाव बुडालं तरी त्या वहीत काहीतरी उरलं होतं, कारण गावाच्या नावापुढे कुणीतरी आपल्या शब्दांत दोन ओळी लिहिल्या होत्या. मी घरची पद्धत उचलली होती, पण अर्धीच.

ते गेल्यावर मी अण्णांना विचारलं, "सगळे एवढं लिहितात?"

"कसले! 'आलो, गेलो, सही.' मी मागे लागतो. रिकामी जागा सोडायची नाही म्हणतो. चिडतात पण लिहितात."

सुट्टी संपल्यावर मी ते सुरेख साधन काढून टाकलं आणि पाककृतीवालं बसवलं. त्याच्यात टीप लिहायची जागा होती, पण रिकामी सोडली तरी चालायची. मी त्याचा मजकूर उघडला. म्हणजे प्रोग्रामचा. तो वाचता येतो, बदलता येतो, याचा अर्थ मला तोवर नीटसा कळला नव्हता. दोन दिवस घाबरत घाबरत वाचला. मग एका ठिकाणी दोन ओळी घातल्या: टीप रिकामी असेल तर नोंद घेऊ नकोस. चालेल असं वाटलं नव्हतं. पहिल्यांदा चाललं नाहीच, एक अर्धविराम राहिला होता. दुसऱ्यांदा चाललं. माझ्या आयुष्यात मी कुणाच्या तरी लिहिलेल्यात हात घालून ते बदललं, आणि कुणी रागावलं नाही, असं ते पहिल्यांदाच झालं.

भैया मात्र रागावले. "मतलब निबंध लिखे बिना पता नहीं रखेगी? अरे, ई तो पंडाजी की बही हो गई!" बही म्हणजे वही, अण्णांसारख्या तीर्थोपाध्यायांची. ते चिडवायला म्हणाले, पण नाव चिकटलं. महिन्याभरात सगळे म्हणू लागले, "बही में डाल दो." एकदा बाहेरची लाइन तीन दिवस बंद होती. भैया म्हणाले, आता पत्ते घेऊन चाटायचे का? पण लोक येऊन टिपाच वाचत बसले. कुठल्या पानात काय आहे, कुठला तक्ता चुकीचा आहे, रोमन अक्षरांतल्या मोडक्या हिंदीत सगळं होतं. सर मला दोनदा "ठीक चल रहा है" म्हणाले. लॉगिनचं बोलले नाहीत. ते विसरले असावेत. आठवण करून द्यायची माझी हिंमत नव्हती.

इथे एक अडचण होती. नोंद कुणी केली ते साधन आपोआप लिहायचं, लॉगिनवरून. माझ्या वहीतले पत्ते मी एकेक उघडून, वाचून, टीप लिहून घालत होते, आणि प्रत्येकापुढे नाव पडत होतं भैयांचं. मला ते बरं वाटेना. त्यांचं नाव खोडण्याचा मला अधिकार नव्हता, माझं लिहायला संकोच. अण्णांच्या वहीत ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी दुसरा कुणी लिहितो तेव्हा शेवटी 'ह.' घालतो. हस्ते. म्हणजे बोलणारा तो, हात माझा. तेवढं मला प्रामाणिक वाटलं. प्रत्येक टिपेच्या शेवटी मी रोमन एच आणि टिंब द्यायला लागले. पुढे नाव नाही.

मग सर भैयांना प्रश्न विचारू लागले. अमुक लेखातला गाळाचा आकडा तुला संशयास्पद का वाटला? त्या दोन उपग्रह-चित्रांत फरक कसा दिसला? भैयांनी ती पानं पाहिलेलीसुद्धा नव्हती. एकदा ते मला जिन्यात गाठून म्हणाले, "आपने हमको विद्वान बना दिया है. अब हम सर के सामने पानी नहीं पी पाते. क्या पढ़ रही हैं, कम से कम बता तो दिया करिए!"

शेवटी एका शनिवारी कम्प्युटरच्या खोलीत सरांनी सगळ्यांसमोर बहीची छापील पानं पुढे घेतली. मला चार्ट टांगायला बोलावलं होतं, मी दाराजवळ उभी होते. सर भैयांना म्हणाले, "तुम लिखते हो, इस नक़्शे में बनारस के पास गंगा की धारा उल्टी दिखाई है. किसी और ने नहीं पकड़ा. कैसे पकड़ा?"

भैया वाकून छापील पान वाचू लागले.

"और यह हर जगह एच क्या है?"

भैयांनी माझ्याकडे पाहिलं. चिडवत नव्हते. नुसते पाहत राहिले, आणि मला कळलं की ते सांगणार नाहीत. सांगायचं तर मलाच. माझे हात चार्टच्या दोरीत अडकलेले होते.

"सर, वह... मैंने लिखा है."

"एच?"

"सब, सर." मग एच म्हणजे काय ते सांगितलं. कसंबसं, अर्धं मराठीत. वहीचं, हस्तेचं.

सरांनी पुन्हा विचारलं, धारा उलटी आहे हे कसं कळलं? पुस्तकातलं काही उत्तर द्यावं म्हणून मी शोधत होते, सापडलं नाही. म्हणून जे खरं होतं ते सांगितलं. लहानपणी पंचगंगेवर आमच्या चपला पाण्यात जायच्या. त्या शोधायला आम्ही नेहमी राजघाटाच्या बाजूला धावायचो, अस्सीकडे कधीच नाही. नकाशातला बाण अस्सीकडे होता.

खोलीत हशा झाला. सर हसले नाहीत, किंवा हसले असतील, मी जमिनीकडे बघत होते. त्यांनी भैयांना उठवलं, त्या जागेवर मशीनपुढे बसून स्वतः काहीतरी टाइप केलं आणि विचारलं, "नाम क्या रखूँ?"

ते मशीन पुढे भंगारात गेलं. पण पत्त्यांची फाइल साधी होती, म्हणून आधी फ्लॉपीवर, मग सीडीवर, मग पुढे जे जे आलं त्यावर ती माझ्याबरोबर येत राहिली. त्यातल्या पत्त्यांपैकी आता जवळजवळ एकही उघडत नाही. मी टिपा वाचते. भैयांची एक आहे, त्यांनी स्वतः लिहिलेली: 'यह पन्ना सोमवार को खुलता है, बाकी दिन भगवान मालिक.' अण्णा गेले, त्याला बरीच वर्षं झाली. त्यांना ही फाइल मी एकदाच वाचून दाखवली होती. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "घरीच आहे ना?"

फाइलमधल्या माझ्या पहिल्या एकशे बारा नोंदींच्या शेवटी तो एच आहे. एकशे तेरावी त्या शनिवारची, सर उठून गेल्यानंतरची. पान कुठल्याशा नदीच्या त्रिभुज प्रदेशाचं. टीप लिहून झाली आणि सवयीनं बोट एचवर गेलं. मी ते अक्षर पुसलं. मग नोंद ठेवली आणि पुढे माझं नाव पडलं का, ते बघत बसले.